हणमंतराव आणि रिकामा खिळा

भाड्याने जागा बघायला येणारा माणूस काय विचारतो? पाणी किती वाजता येतं, गाडी कुठे लावायची, पाहुणे आलेले चालतात का. आमच्या वरच्या मजल्यासाठी आलेल्या त्या गृहस्थांनी यातलं काहीही विचारलं नाही. खोल्या बघितल्या नाहीत, ओटा बघितला नाही, नळ सोडून बघितला नाही. सरळ गच्चीत गेले, मी पुढे केलेला पाण्याचा पेला घेतला, एक घोट प्यायले आणि उरलेलं पाणी गच्चीच्या शहाबादी फरशीवर ओतून टाकलं. मग त्या ओल्या डागाशेजारी उकिडवे बसले आणि तो वाळेपर्यंत त्याच्याकडे बघत राहिले.

मी आमच्या ह्यांच्याकडे बघितलं. हे एजंटाकडे बघत होते. एजंट मोबाइलकडे.

डाग कडेकडेने आकसत गेला, शेवटी रुपयाएवढा उरला आणि नाहीसा झाला. गृहस्थ उठले. कमरेत वाकून त्यांनी आधी फरशीला नमस्कार केला, मग आम्हाला केला आणि इंग्रजीत म्हणाले, "दगड चांगला आहे. मी राहतो."

"आपण जागा भाड्याने देतोय की फरशी?" मी ह्यांना हळूच विचारलं. हे म्हणाले, "माणूस शांत वाटतो." आमच्या ह्यांना कुणीही शांतच वाटायचं. घरात तुलनेला मी होते ना.

गृहस्थ कोरियाचे. वय सत्तरीच्या आसपास, केस पांढरेशुभ्र आणि मागे रबराने बांधलेले, अंगात कायम राखाडी सदरा. आडनाव हान. पुढचं नाव ते हौसेने सांगायचे, पण आमच्या जिभेला काही ते पेललं नाही. आमच्याकडे धुण्याभांड्याला धायरीहून येणाऱ्या सुमनबाईंनी तो प्रश्न आठवड्याच्या आत सोडवून टाकला. "हान म्हंजे हणमंतच की ओ वैनी. तिकडं शेवटचं खाऊन बोलत असत्याल." तेव्हापासून ते हणमंतराव झाले. ह्यांनी त्यांना मारुतीची गोष्ट सांगितली, एका मुळीसाठी अख्खा डोंगर उचलून आणल्याची. हणमंतरावांनी त्यावर बराच वेळ विचार केला आणि म्हणाले, "डोंगर मी पण उचलतो. पण हळू."

ते खरंच होतं. ते चित्रकार होते आणि मुख्यतः डोंगरच काढायचे.

पुण्यात ते आले मुलाबरोबर. मुलगा चाकणच्या बाजूला एका कारखान्यात इंजिनिअर होता. आई गेल्यावर त्याने वडिलांना इकडे आणलं आणि बाणेरला कुठेतरी उंचावरच्या फ्लॅटमध्ये ठेवलं. तिथली फरशी गुळगुळीत, आरशासारखी. हणमंतराव म्हणायचे, "ती फरशी पाणी पीत नाही." म्हणून ते पाणी पिणारी फरशी शोधत सहकारनगरात आमच्या दारी आले. पुढे मुलाची बदली दुसऱ्या देशात झाली. तो गेला, हे राहिले. का राहिलात म्हणून विचारलं की उत्तर ठरलेलं, "दगड चांगला आहे."

मराठी त्यांनी आमच्याच घरात उचललं, म्हणजे मुख्यतः माझं ऐकून. त्यामुळे त्यांच्या मराठीत गोडवा कमी आणि नेमकेपणा फार. अहो-जाहो मात्र सगळ्यांना. फाटकात आडव्या पडलेल्या कुत्र्यालाही "अहो, सरका" म्हणायचे आणि तो सरकेपर्यंत थांबायचे.

या "अहो"चीही एक गंमत आहे. मी खालून रोज हाक मारणार, "अहो, चहा झालाय!" आणि हे गच्चीतून उतरणार. हणमंतरावांनी निष्कर्ष काढला की घरमालकांचं नाव अहो. पुढे आदरार्थी जी लावून ते ह्यांना अहोजी म्हणायला लागले. मी त्यांना स्वच्छ सांगितलं, की ते नाव नव्हे, आमच्याकडे बायका नवऱ्याला नावाने हाक मारत नाहीत, अशीच मारतात. हणमंतराव म्हणाले, "सगळ्या नवऱ्यांना हेच?"

"आमच्या पिढीत तरी हेच."

"मग गर्दीत कोण वळतं?"

"ज्याचं त्याला कळतं," मी म्हटलं. हे त्यांना इतकं आवडलं की सगळं समजूनही त्यांनी अहोजी म्हणणं सोडलं नाही. ह्यांनाही ते आवडायचं. सरकारी नोकरीत सगळा जन्म आडनावाने हाका ऐकण्यात गेला होता.

वरच्या मोठ्या खोलीत फर्निचर म्हणावं असं काही नव्हतं. जमिनीवर जाड लोकरीचं कापड, त्यावर तुतीच्या सालीपासून केलेला कागद. भिंतीला खुंट्या आणि खुंट्यांना ब्रश टांगलेले, प्रत्येकाच्या शेपटीला दोऱ्याचा फास. एक काळा दगड, त्यावर चमचाभर पाणी आणि शाईची कांडी. ती कांडी ते गोल गोल उगाळत बसायचे. आमच्या देवघरात सहाणेवर गंध उगाळतात अगदी तसंच, फक्त समोर देव दिसत नव्हता. त्या शाईला कापरासारखा वास यायचा. मी वाळलेले कपडे काढायला म्हणून गच्चीत जायची आणि त्या वासाने दारातच टेकायची. उगाळण्याचा तो बारीक, एकसारखा आवाज, खिडकीतून दिसणारी पर्वती, समोर पांढराशुभ्र कागद. जागी असूनही मी झोपेत आहे असं वाटायचं आणि खाली कुकरच्या शिट्ट्या किती झाल्या ते विसरायला व्हायचं.

शाई झाली की हणमंतराव ब्रश बुडवायचे, कागदासमोर बसायचे आणि काहीच करायचे नाहीत. कागदाकडे नुसते बघायचे. मी एकदा सगळे कपडे घड्या घालून इस्त्रीचे वेगळे काढले तरी ते तसेच. मग एकदम, तव्यावर पोळी टाकावी तसा, हात खाली यायचा. एक रेघ, कधी दोन. झालं.

ती रेघ अक्षर म्हणून सुरू व्हायची आणि डोंगर म्हणून संपायची. त्यांच्याकडच्या जुन्या लिपीत डोंगराचं अक्षर तीन सुळक्यांचं असतं आणि पाण्याचं अक्षर वाहत्या धारेसारखं. हणमंतराव ते अक्षर लिहायला घ्यायचे आणि लिहिता लिहिता त्याला मोकळं सोडून द्यायचे. मग ते धड अक्षर राहायचं नाही आणि डोंगरही पुरता व्हायचा नाही. थंडीत धुक्यातून पर्वती दिसते ना, आहे म्हणावं तर आहे, तसं काहीतरी. बाकी कागद कोरा.

"एवढा कागद वाया?" मी पहिल्यांदा विचारलं होतं.

"वाया नाही. तिथे वारा आहे."

"मला नाही दिसत."

"वारा कुणालाच दिसत नाही, वहिनी."

मी गप्प बसले. असं माझ्या बाबतीत फारसं होत नाही.

आमचे हे मात्र पहिल्या दिवसापासून त्या कोऱ्या कागदावर लुब्ध. "अगं, शून्य आहे ते. आपल्याकडचंच आहे. बुद्धाबरोबर तिकडे गेलं आणि आता परत आलंय, आपल्या गच्चीत."

"शून्य तुम्हाला नोकरीत असताना कधी दिसलं नाही ते?"

"दिसायचं की. दर मे महिन्यात, धरणात."

हे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. निवृत्तीनंतर इतर लोक देवळात जातात, हे रोज सकाळी वर्तमानपत्रात खडकवासल्याचा साठा किती ते बघायचे. साठा टीएमसीत मोजतात आणि आमच्या घरात ताप मोजावा तसा तो मोजला जायचा. आकडा घसरला की मला भांडी विसळताना धार बारीक करायचा हुकूम. अशा माणसाच्या डोक्यावर, त्याच्याच गच्चीत, एक गृहस्थ रोज सकाळी उठून फरशीवर पाणी सांडतो म्हटल्यावर काय होणार?

कारण हणमंतरावांचं खरं वेड तेच होतं. चित्र एखाद दिवशी व्हायचं, एखाद दिवशी नाही. पण सकाळी, ऊन गच्चीच्या कठड्यावरून आत उतरलं रे उतरलं, की ते झाडूच्या दांड्याएवढा लांब ब्रश घेऊन यायचे, तो साध्या पाण्यात बुडवायचे आणि शहाबादीवर लिहायचे. रोज तीच दोन अक्षरं. राखाडी दगडावर ती काळीभोर उमटायची. मला त्यातलं पहिलं अक्षर छपरासारखं दिसायचं आणि दुसरं त्या छपराखाली चहा पीत बसलेल्या माणसासारखं. थोड्या वेळात ती वाळून जायची, हणमंतराव तेवढा वेळ उभे राहायचे आणि आत जायचे. मी सुमनबाईंना म्हणायची, "एवढे मोठे चित्रकार, पण बघा, बालवाडीतल्यासारखं रोज तेच गिरवतात." सुमनबाई म्हणायच्या, "पाठ होत नसंल."

त्या वर्षी पाणी एक दिवसाआड येत होतं. हे तावातावाने वर गेले. मी जिन्यात उभी राहून ऐकलं. ह्यांनी धरण, साठा, बाष्पीभवन सगळं इंग्रजीत समजावून सांगितलं. हणमंतरावांनी ते सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मला रोज किती?" हे खाली आले, देवघराशेजारच्या फळीवरची पितळी वाटी उचलली आणि वर नेऊन त्यांच्या हातात दिली. "रोज एवढं. जास्त नाही." खातं सुटलं होतं, पण पाणीवाटप सुटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून ती वाटी भरून वर न्यायचं काम ह्यांनी स्वतःकडेच घेतलं. हणमंतरावांनी माप ओलांडू नये म्हणून, असं सांगायचे. पण भांडायला गेलेला माणूस अक्षर वाळेपर्यंत तिथेच बसायला लागला. पुढे पुढे तर मी सकाळचा चहाही वर पाठवायला लागले.

हणमंतरावांनी ह्यांच्या हातात ब्रशही दिला. ह्यांची रेघ म्हणजे थेट कालवा, सरळ, एका रुंदीची, काठ पक्के. हणमंतराव ती बघून मान हलवायचे. "अहोजी, रेघ हात काढत नाही. श्वास काढतो."

"मग हात काय करतो?"

"हात सोबत जातो."

हे खाली येऊन श्वास सोडत वर्तमानपत्राच्या समासात रेघा ओढायचे. मी म्हणायची, "दम्याचा पेशंट असल्यासारखं वाटतंय."

मला मात्र हणमंतराव काही शिकवायला गेले नाहीत. उलट मीच त्यांची गुरू असल्याची अफवा त्यांनी पसरवली होती. मी रोज सकाळी दाराशी रांगोळीच्या चार रेघा ओढते. फार काही येत नाही मला, एक गोपद्म आणि कडेने वेल. पण हणमंतराव जिन्याच्या मधल्या पायरीवर बसून ते बघायचे आणि ओलांडताना रांगोळीची माफी मागायचे. एकदा विचारलं, "काल काढली होती ती कुठे?"

"पुसली."

"का? छान होती."

"छान असली म्हणून काय झालं? कालची शिळी नाही का होत?"

हणमंतराव उठून उभे राहिले आणि मला कमरेतून वाकून नमस्कार केला. समोरच्या बंगल्यातल्या बाई दूध घ्यायला आल्या होत्या. मला इतकं ओशाळं झालं की त्या दिवशी वेल अर्धवटच राहिली.

आणि मंडई. भाजी आणायला ते बसने मंडईत जायचे आणि एका वांग्यासमोर उभे राहायचे. वांगं हातात घ्यायचं, उन्हात धरायचं, त्याच्या देठाचा बाक बघायचा. भाजीवाल्या मावशींनी पहिल्यांदा विचारलं, "घ्यायचं हाय का नुस्तं बघायचं हाय?"

"बघायचं आहे," हणमंतराव म्हणाले.

खोटं बोलले असते तर मावशींनी हाकललं असतं. खरं बोलल्यामुळे त्यांचं काही चालेना. पुढे त्या उलटं घातलेलं क्रेट पुढे सरकवायच्या, "बसा, बगा निवांत." एवढं करून ते घरी एकच वांगं आणायचे आणि ते रेघेत उतरेपर्यंत शिजवायचे नाहीत. वांगं सुरकुतायला लागलं की मी जप्त करून भरीत करायची आणि अर्धं वर पाठवायची.

एकदा डेक्कनच्या बाजूला एका छोट्या दालनात त्यांच्या चित्रांचं प्रदर्शन भरलं. आम्ही दोघं घरचंच कार्य असल्यासारखे दारात उभे. एक छत्रीवाले गृहस्थ एका डोंगराच्या चित्रासमोर बराच वेळ थांबले. "छान आहे. पुरं कधी होणार?"

"तुम्ही करा. घरी गेल्यावर," हणमंतराव म्हणाले.

"घरी मला इतर कामं असतात."

मग एक बिल्डर आले. त्यांना तोच डोंगर पसंत पडला, पण सोफ्याच्या वर बसत नव्हता. "हा पांढरा भाग कापून मिळेल का?" हणमंतराव नम्रपणे वाकले आणि म्हणाले, "बघू." पुण्यात बघू म्हणजे काय, हे त्यांना एव्हाना चांगलं कळलेलं होतं.

त्या प्रदर्शनावरून परत येताना ह्यांनी रिक्षात जाहीर केलं की आपल्या दिवाणखान्यात हणमंतरावांचं चित्र लागणार. त्याच आठवड्यात ह्यांनी, जन्मात पहिल्यांदा, भिंतीत खिळा ठोकला. नुकताच रंग दिलेली समोरची भिंत, तिच्या बरोब्बर मध्यावर. प्लास्टर तळहाताएवढं उडालं. आणि मग रोज सकाळी वाटी घेऊन वर जाताना ह्यांचा एकच प्रश्न, "हणमंतराव, आमचं चित्र?" आणि हणमंतरावांचं एकच उत्तर, "अजून नाही."

एक पावसाळा गेला, दुसरा गेला. खिळा तसाच. येणारा प्रत्येक पाहुणा विचारायचा, "इथलं काय काढलंत?" मी सांगायची, "काढलं नाही, लागायचंय." मी एकदा त्यावर कालनिर्णय अडकवलं, ह्यांनी काढून ठेवलं. सुमनबाईंनी पिशवी टांगली, तीही उतरली. "तो खिळा राखीव आहे," हे ह्यांचं पालुपद. मी म्हणायची, "उपटा तो. बोडक्या भिंतीवर नुसता खिळा अगदी दात पडल्यासारखा दिसतो."

"दात पडल्यासारखा नाही, यायचा असल्यासारखा," हे म्हणायचे.

आणि एक गोष्ट मला कधीच कळली नाही. हे रोज वरून नकार घेऊन यायचे, पण चेहरा कसा? लॉटरी लागल्यासारखा. "आज पण नाही!" असं दारातूनच ओरडायचे आणि खुशीत पोहे मागायचे.

मग एका हिवाळ्यात हे गेले. दवाखान्यात नेलं आणि दुसऱ्या दिवशी सगळं संपलंच. त्याबद्दल मी इथे फार लिहिणार नाही. लिहायला बसले तर मला थांबता येणार नाही आणि हणमंतराव बाजूलाच राहतील.

दुसऱ्या सकाळी घर नातेवाइकांनी भरलेलं होतं. स्वयंपाकघराच्या दाराशी एकदम बोलणं थांबलं म्हणून मी बघितलं, तर हणमंतराव रिकामी पितळी वाटी घेऊन उभे होते. रोज ती भरलेली वर यायची. आज आली नाही म्हणून ते खाली आले होते आणि पुढे काय करायचं ते त्यांना माहीत नव्हतं. माझी नणंद म्हणाली, "ह्यांना काय हवंय?" मी उठले, वाटी भरली, त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती दोन्ही हातांनी धरली आणि एकेक पायरी करत वर गेले. दुपारी सुमनबाई खाली येऊन म्हणाल्या, "वैनी, वाटी तशीच भरल्याली हाय वर. लिवलं न्हाई त्यांनी आज."

दिवसकार्य होईपर्यंत त्यांनी लिहिलं नाही. गच्ची कोरडीच होती.

मला घरात सगळ्यात जड गेला तो दुपारचा चहा. चहा झाला की तोंड उघडायचं. हाक गळ्यापर्यंत यायची आणि मग आठवायचं. तसंच तोंड मिटून मी कप भरायची. लग्नात उखाण्यात घेतलं असेल तेवढंच, बाकी जन्मभर मी ह्यांचं नाव कधी घेतलं नाही. मला तो एकच शब्द येत होता आणि आता त्याला वळून बघणारं कुणी नव्हतं.

मुलगा, श्रीरंग, बंगळुरूहून आला होता. त्याने ह्यांचा फोटो मोठा करून आणला, चंदनाचा हार आणला. समोरच्या भिंतीशी जाऊन म्हणाला, "बरं झालं, खिळा आहेच."

"तो राखीव आहे," मी म्हटलं.

"आई, कशासाठी?"

"हणमंतरावांच्या चित्रासाठी. तू फोटो आतल्या खोलीत लाव."

श्रीरंग माझ्याकडे बघतच राहिला. तो खिळा उपटण्यासाठी मी किती वर्षं भांडत होते ते त्याने फोनवर ऐकलेलं होतं. त्याने फोटो आत लावला. पण मनातून मी हणमंतरावांवर भयंकर चिडले होते. एवढे डोंगर उचलले, आमच्या एका भिंतीपुरतं चित्र जड झालं?

सुतकात दाराशी रांगोळी नसते. सगळे आपापल्या गावी गेले त्याच्या दुसऱ्या सकाळी मी पुन्हा दार झाडलं, सडा टाकला आणि बसले. गोपद्म वाकडंच आलं. मान वर केली तर जिन्याच्या मधल्या पायरीवर हणमंतराव, हातात रिकामी वाटी. त्यांनी रांगोळी शेवटापर्यंत बघितली आणि म्हणाले, "आता चला."

त्यांच्या तोंडून 'अजून नाही' एवढंच मी ऐकत आले होते. 'आता' पहिल्यांदाच ऐकलं. मी वाटी भरून घेतली आणि त्यांच्या मागे वर गेले.

गच्चीत ऊन नुकतंच उतरत होतं. पर्वती अर्धी धुक्यात. मला वाटलं, गुंडाळी केलेला कागद बाहेर काढतील. त्यांनी काहीच काढलं नाही, आणि माझा तोल गेला. "हणमंतराव, एक चित्र द्यायला काय झालं होतं हो? माणूस वाट बघून बघून गेला."

त्यांनी लांब ब्रश कठड्याला टेकवून ठेवला. मग म्हणाले, "दिलं असतं, तर दुसऱ्या दिवशी काय विचारायला वर आले असते?"

मी वाटी खाली ठेवली.

"माझा मुलगा लांब. रोज सकाळी जिन्यात पाय वाजायचे. आधी वाटी यायची, मग प्रश्न. मी म्हणायचो, अजून नाही. म्हणजे उद्या परत पाय वाजणार." त्यांनी मान खाली घातली. "चित्र मी काढलंच नाही, वहिनी. मुद्दाम. चुकलं माझं. त्यांना मिळालं नाही."

आणि ते फरशीवर गुडघे टेकून वाकले ते वर उठेचनात. तो पांढरा शेंडीएवढा बुचडा आणि राखाडी पाठ बघून माझा राग कुठल्या कुठे गेला.

"अहो, उठा," मी म्हटलं. "खाली येऊन ते काय सांगायचे ठाऊक आहे? 'आज पण नाही!' असं ओरडायचे, आनंदाने. चित्र त्यांना तरी कुठे हवं होतं? त्यांना जिना चढायला हवा होता." बोलता बोलताच मलाही ते पहिल्यांदा कळत होतं. दोघेही एकमेकांना फसवत होते आणि दोघांनाही ते मनापासून हवं होतं.

हणमंतरावांनी सदऱ्याच्या बाहीने डोळे पुसले. उठून लांब ब्रश वाटीत बुडवला आणि फरशीवर ती नेहमीची दोन अक्षरं लिहिली. छप्पर आणि छपराखालचा माणूस.

"माझ्या बायकोचं नाव," ते म्हणाले.

इतकी वर्षं मी त्याला बालवाडी म्हणत होते. "कागदावर का नाही लिहीत? राहील तरी."

"कागदावर लिहिलं की झालं. मग उद्या कशाला लिहायचं?" त्यांनी खाली दाराच्या दिशेला बोट दाखवलं. "तुम्हीच सांगितलं. कालची शिळी होते."

अक्षरं कडेने वाळत होती. ते शेजारच्या फरशीकडे सरकले, ब्रश पुन्हा बुडवला, कागदासमोर थांबायचे तसे थांबले. मग हात खाली आला आणि त्या दगडावर त्यांनी देवनागरीत, हातभर मोठं, लिहिलं: अहो.

'अ'चं पोट किंचित पुढे आलेलं, ह्यांच्यासारखं. 'ह'ची खालची रेघ श्वास सोडावी तशी लांब गेलेली. बाकी सगळी गच्ची रिकामी. मी रडले. त्या दिवसांत लोकांसमोर रडायला झालं नव्हतं, ते सगळं तिथे रडले. रडता रडता बघत होते, आधी वरची रेघ वाळली, मग मात्रा, मग 'अ'चा देठ. शेवटी पोटाचा एक ठिपका राहिला आणि तोही गेला.

"हेच चित्र?" मी विचारलं.

"हेच."

"आणि आता?"

"उद्या," हणमंतराव म्हणाले, आणि ब्रश माझ्या हातात दिला.

आता मी रोज वाटी घेऊन वर जाते. एका फरशीवर ते लिहितात, शेजारच्या फरशीवर मी. माझं अक्षर बरं आहे, ह्यांच्या कालव्यापेक्षा नक्कीच. दोन्ही वाळेपर्यंत आम्ही चहा पितो. ब्रश धुऊन मी खाली आणते आणि त्याच्या शेपटीचा दोरा दिवाणखान्यातल्या खिळ्याला अडकवते. ओल्या केसांतून ठिबकून खाली भिंतीवर एक ओघळ उमटलाय. श्रीरंग म्हणतो, रंग खराब झाला. पाहुणे ब्रशकडे बघतात, ओघळाकडे बघतात आणि विचारतात, "आणि चित्र कुठंय?"

"वर होतं. वाळलं," मी सांगते. "उद्या जरा लवकर या."